रेफरीचा गोल

इसरूचा फोन आला तेव्हा देवानंद भानारकर माजरीच्या खाणीच्या क्वार्टरमध्ये शेजारणीचा मिक्सर उघडून बसला होता.

"देवा, कोलूसाठी मॅच ठेवली आहे," इसरू म्हणाला. "आपले जुने पोट्टे आन् शरतनगरचे जुने पोट्टे. धान चुरून झालं का मंग एका रविवारी. तुले यायच लागते."

"मी काय खेळू गा? माह्या गुडघ्याचं तुले माहीत नाई का?"

"खेळाले कोन बलावते? रेफरी पाह्यजे."

देवानंदला वाटलं, हा थट्टा करतोय. त्यानं आयुष्यात कधी शिट्टी फुंकली नव्हती. शिट्टी फुंकणाऱ्यांशी भांडण्यात मात्र त्याची अर्धी जवानी गेली होती. तो काही बोलणार तेवढ्यात फोन दुसऱ्याच्या हातात गेला.

"देबानंद, मी निखिल." शरतनगरच्या टीमचा जुना कॅप्टन निखिल हलदार. इतक्या वर्षांनीही त्याच्या तोंडी 'देवानंद' बसलं नव्हतं. "आंबेटोल्याचा रेफरी आमाले चालत नाई, आमचा त्यायले चालत नाई. तू आता माजरीचा झाला. इकडचाही नाई, तिकडचाही नाई. तूच बरा."

देवानंद हसला. थोडं लागलंही त्याला. पण कोलूचं नाव निघाल्यावर नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

आंबेटोला हे मुलचेऱ्याकडचं जंगलाला टेकलेलं गाव. तलावाच्या वरच्या अंगाला गोंडांची घरं, पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, बाजूला मासे धरणाऱ्या ढिवरांची. देवानंदचं घर पाळीवरचं. नाला ओलांडला की शरतनगर. देवानंदच्या जन्माआधी तिथं बंगाली निर्वासितांना जमिनी मिळाल्या. त्यांनी जंगल साफ केलं, धान लावलं, घरामागे मासोळीसाठी खड्डे खोदले, आणि गावाच्या मधोमध बांबूचे खांब रोवून फुटबॉल सुरू केला. देवानंदचे वडील तिकडे मासे विकायला जात. एकदा येताना ते शिवण उसवलेला एक बॉल घेऊन आले. आत धानाचं तणीस, वाळका पेंढा, कोंबून, जाळं विणायच्या दोऱ्यानं शिवून त्यांनी तो पोरांपुढे टाकला. आंबेटोल्यात फुटबॉल आला तो असा.

त्या तणसाच्या बॉलवर तिघंजण शिकले. इसरू मडावी लेफ्ट आऊट, देवानंद सेंटर फॉरवर्ड, आणि कोलू आत्राम गोलकी. इसरूचा डावा पाय असा होता की कडेनं पळता पळता तो बॉल मारायचा आणि बॉल हवेत वळण घेऊन नेमका दोन बॅकच्या मधल्या जागेत उतरायचा. देवानंद वर बघायचाच नाही. इसरूच्या पायाचा आवाज आला की धावत सुटायचा, आणि पोचायचा तेव्हा बॉल तिथं असायचा. पंधरा ऑगस्टच्या टूर्नामेंटला चिखलात, छत्र्या घेऊन उभी असलेली माणसं म्हणायची, ह्या दोघांच्या मधात मासोळी धरायच्या गरीची दोरी आहे, दिसत नाही एवढंच.

ती दोरी फक्त कोलूला तोडता यायची. प्रॅक्टिसला तो समोर असला की दहापैकी आठ बॉल त्याच्या हातात. उंच, सडपातळ, झाडावरून उडी मारल्यासारखा आडवा झेपावायचा.

मग देवानंदला कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियनची नोकरी लागली. गोकुळाशी लग्न झालं, प्रिया झाली. एका पावसाळ्यात घराच्या छपरावरची कवेलू सारताना शिडीवरून पडून गुडघा गेला. फुटबॉल सुटला तो सुटलाच. गावाला जाणं दिवाळीपुरतं उरलं. गेल्या दिवाळीत मात्र तो कोलूला भेटला नव्हता. भेटायला गेला होता, पण कोलू घरातून बाहेर आला नाही.

उन्हाळ्यात कोलू आणि त्याची बायको बुधरी मोहफुलं वेचायला गेली होती. पहाटेच्या अंधुकात झाडाखाली अस्वल होतं. कोलूला ते दिसलं तेव्हा ते उभं राहिलेलं होतं. त्यानं उजवा हात पुढे केला, गोलकीचा हात. अस्वलानं तो हात चावला आणि पंज्यानं चेहऱ्याची एक बाजू ओढली. बुधरीनं टोपली फेकली, काठीनं मारलं, ओरडून ओरडून गाव गोळा केलं. जीव वाचला. सरकारी दवाखान्यात टाके पडले. पण जबडा वाकडा राहिला, बोटं मिटेनात. नागपूरला मोठं ऑपरेशन करायचं होतं, त्यासाठी ही मॅच.

प्रिया चंद्रपूरला कॉलेजात शिकत होती. ती शनिवारी घरी आली तेव्हा तिनं बापाला समोर बसवून मोबाइलवर नियम वाचून दाखवले.

"बाबा, आता बदललं हे. रेफरीला बॉल लागून गोलात गेला तर गोल नाही धरत. खेळ थांबवायचा, बॉल टाकून पुन्हा सुरू करायचा."

"आमच्या टायमाले रेफरी म्हंजे खांब. लागला तं लागला."

"तुमच्या टायमाले बॉलमध्ये तणीस होतं."

तिनं पिवळं कार्ड जुन्या फायलीच्या पुठ्ठ्याचं कापलं आणि लाल एका लग्नपत्रिकेचं. त्याच्या मागच्या बाजूला गणपती तसाच राहिला. संध्याकाळी देवानंदनं अंगणात शिट्टीची प्रॅक्टिस केली. गोकुळा दारात येऊन म्हणाली, "लाइनभर कुत्रे भुकून राह्यले तुमच्यापायी. रेफरी व्हा, चौकीदार नका होऊ."

आष्टीचा पूल ओलांडला की बसमध्ये गारवा शिरतो. वैनगंगेच्या पल्याड दोन्ही बाजूंनी झाडं रस्त्याजवळ येतात. देवानंदला ह्या रस्त्यावरून सायकलने केलेल्या फेऱ्या आठवल्या. कॅरिअरवर कोलू, त्याच्या मांडीवर बॉल, आणि मागून इसरू शिव्या देत, थांबा बे, चेन उतरली. मुलचेऱ्याला मोठा भाऊ दादाजी मोटरसायकल घेऊन उभा होता. त्याचे हात अजूनही तलावाच्या चिखलाचे होते.

"गोलाले जाळी नव्हती," दादाजी म्हणाला. "माह्ये दोन्ही जाळे बांधून देले. जोरात नका मारू म्हना. फाटलं तं उद्या मासोळी कायनं धरू?"

मैदानावर जायच्या आधी देवानंद कोलूच्या घरी गेला. कोलू घरामागच्या सांदवाडीत, कुडाकडे तोंड करून बाजेवर बसला होता. डोक्यावरून चेहऱ्यापर्यंत दुपट्टा गुंडाळलेला. पाठ मात्र तीच होती, रुंद आणि ताठ.

"जोहार, कोलू."

पाठ थोडी हलली. "जोहार."

"मॅच पाह्याले चाल. तुह्यासाठीच आहे."

"मले पाहाले येतील लोकं. मॅच नाई." आवाज दुपट्ट्यातून आणि वाकड्या जबड्यातून घासून येत होता. "जा तू. टाइम झाला."

देवानंद मागे फिरला. कधीकाळी हा माणूस गोलात उभा राहून साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडायचा, 'देवा, डावीकडं! देवा, मांगं!'

बुधरी कुंपणापर्यंत सोबत आली. "भाऊ, उन्हाळ्यापासून वाडीच्या बाहेर पाय नाई टाकला त्याहिनं. लहान लेकरं भेतात म्हन्ते. लेकरं काई भेत नाई. हे सोताच भेतात."

शरतनगरच्या मैदानाला लोकांनी कडं केलं होतं. चुन्याच्या रेषा नागमोडी होत्या. एका बाजूला चादर पसरली होती, येणारा-जाणारा त्यावर काही ना काही टाकत होता. कोणी तांदळाची पायलीही ठेवली होती. बक्षिसाचा बोकड पळसाच्या खुंटाला बांधला होता आणि त्याचा लिलाव करून पैसे कोलूलाच द्यायचे असं दोन्ही गावांनी ठरवलं होतं.

आणि मैदानात ते सगळे होते. निखिलच्या जर्सीतून पोट बाहेर आलं होतं. शरतनगरचा गोलकी खोकन मिस्त्री, ज्याला देवानंदनं चिखलात कितीदा तरी लोळवलं होतं, त्याचे केस पार पांढरे झाले होते. इसरू वाळून काटकी झाला होता. पण त्यानं नेहमीसारखा उजवा मोजा वर ओढला होता आणि डावा खाली सोडला होता.

देवानंदची पहिली शिट्टी वाजलीच नाही. नुसती फुस्स अशी हवा गेली. लोक खदखदून हसले. दुसरी वाजली आणि मॅच सुरू झाली.

पहिली काही मिनिटं तो रेफरी असल्याचंच विसरला. निखिलनं इसरूला खांद्यानं पाडलं तेव्हा देवानंदच ओरडला, "ए रेफरी, फाऊल!" आणि मग गडबडीनं शिट्टी शोधू लागला. ती गळ्यात होती. दोन्ही टीम पोट धरून हसल्या. पाळीवरून आलेल्या ढिवरांच्या घोळक्यातून दादाजी ओरडला, "देवा, शरतनगरची मासोळी खाऊन आला का बे?"

हळूहळू त्याला लय सापडली. गुडघा दुखत होता, पण पळता येत होतं. एक नवल मात्र त्याला वाटत राहिलं. इतकी वर्षं ह्याच मैदानावर खेळून त्यानं फक्त समोरचा गोल पाहिला होता. आज पहिल्यांदा पूर्ण मैदान दिसत होतं. बॅक लोकांची धाप, ज्याच्याकडे बॉल येत नाही त्याचं हात वर करून वाट बघणं, बॉल लांब गेला की गोलकीचं एकट्याचं येरझाऱ्या घालणं. एवढी माणसं आपल्यासोबत खेळत होती, हे त्याला तेव्हा कधी दिसलं नव्हतं.

कॉर्नरवरून निखिलनं हेडर मारला, पोटासकट हवेत उडून. शरतनगरचा एक गोल झाला. मग इसरू पेनल्टीच्या रेषेत स्वतःहून पडला आणि देवानंदकडे बघत राहिला. देवानंदनं मान हलवली.

"नाई?"

"नाई. तू तव्हा बी असाच पडत होता."

हाफटाइमनंतर बाजू बदलल्या. आता आंबेटोला पळसाकडच्या गोलावर चाल करत होतं. तिकडे पळत जाताना देवानंदला दिसलं, जाळ्याच्या मागे, सगळ्यांपासून दूर, झाडाला टेकून कोणीतरी उभं आहे. डोक्याला दुपट्टा. गोलाच्या बरोबर मागे, गोलकी उभा राहतो तसे पाय फाकून. थोड्या अंतरावर बुधरी गवतात बसली होती.

देवानंदनं कोणाला सांगितलं नाही.

मॅच संपत आली होती. ऊन तिरपं झालं होतं. आंबेटोल्यानं खोकनवर कितीतरी बॉल मारले, पण तो म्हातारा कधी गुडघ्यानं, कधी पोटानं सगळे अडवत होता. अशात डाव्या कडेनं इसरू सुटला. वय विसरून सुटला. देवानंद त्याच्या बरोबरीनं मैदानाच्या मधून पळत होता, रेफरीनं पळावं तसा. आणि त्याला तो आवाज ऐकू आला. इसरूच्या डाव्या पायाचा, ओल्या मातीवर मडकं फुटावं तसा थोडा दबका.

पुढचं त्यानं ठरवून केलं नाही. पूर्वी वर बघायचा नाही तसं आत्ताही त्यानं बघितलं नाही. दोन बॅकच्या मधल्या जागेत पोचला. बॉल तिथं होता. दुखऱ्या गुडघ्याच्या पायानं, हवेतच, त्यानं तो मारला.

खोकनला हलायलाही वेळ मिळाला नाही. दादाजीचं जाळं फुगून मागं गेलं.

देवानंद दोन्ही हात वर करून इसरूकडे धावत सुटला. इसरूही धावत आला. दोघं अर्ध्या मैदानात एकमेकांवर आदळले. इसरूनं त्याला उचललं, गोल फिरवलं, आणि दोघंही पडले. आंबेटोल्याची माणसं नाचत होती. ढोल वाजला. शरतनगरच्या बायाही टाळ्या वाजवत होत्या. पडल्या पडल्या देवानंदच्या हनुवटीला काहीतरी लागलं. त्यानं पाहिलं. शिट्टी होती.

तो उठून बसला. निखिल हसत हसत, दम खात आला. "दे गोल. दिऊन टाक. एक-एक. कोलूची मॅच आहे, कोनी कायले हाराले पाह्यजे?"

"मंग!" इसरू म्हणाला. "पह्यले रेफरी खांबच होता. खांबाले लागून गोल झाला."

सगळे मध्यरेषेकडे निघालेही होते. आणि देवानंदला तो गोल हवा होता. खरं सांगायचं तर इतकं काही त्याला कित्येक वर्षांत हवं वाटलं नव्हतं. त्यानं शिट्टी तोंडाकडे नेली आणि मध्यरेषेकडे वळता वळता सहज मागं पाहिलं.

खोकन जाळ्यातून बॉल काढत होता. वाकून, एक हात कमरेवर ठेवून, हळूहळू. जाळ्याच्या दोऱ्यात बॉल अडकला होता. तो सोडवताना त्यानं कोणाकडे बघितलं नाही, भांडलाही नाही. दुपारभर जे अडवलं ते सगळं त्याच्या पाठीवर दिसत होतं.

देवानंदनं आयुष्यभर गोल मारले होते, पण गोल झाल्यावर तो नेहमी उलट्या बाजूला पळालेला असायचा. गोलकी बॉल कसा काढतो हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. खोकनचं नाही, आणि कोलूचंही नाही.

त्यानं जोरात शिट्टी वाजवली. हात हलवून सगळ्यांना परत बोलावलं.

"गोल नाई."

"काय?"

"गोल नाई. मी मारला तो. मी ह्या मॅचमंधी नाई." तो चालत गोलापाशी गेला, खोकनच्या हातून बॉल घेतला आणि त्याच्याच पुढ्यात टाकला. "खेळ, खोकनदा."

खोकननं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग बॉल लांब मारून दिला.

आंबेटोल्याची माणसं खवळली. कोणी माजरीला परत जा म्हणालं, कोणी गावाचं नाव घेऊन शिवी दिली. इसरू जवळ येऊन एवढंच बोलला, "आपल्या गावाचा गोल खाल्ला बे तू." त्यानंतर त्यानं मॅच संपेपर्यंत देवानंदकडे पाहिलं नाही. थोड्या वेळात देवानंदनं शेवटची शिट्टी वाजवली. शरतनगर जिंकलं, एक-शून्य.

कोणी फारसं ओरडलं नाही. लोक चादरीकडे, बोकडाकडे सरकू लागले. इसरू कडेला बसून बूट सोडत होता. देवानंद मधोमध एकटाच उभा होता. घरी प्रियाला काय सांगायचं ह्याचा तो विचार करत होता, तेवढ्यात मागून हाक आली. तुटकी, घासलेली, पण साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशी.

"देवा!"

कोलू गोलात उभा होता. जाळ्याच्या बाजूनं वळून आत आला होता. दुपट्टा मानेवर घसरला होता आणि तो त्यानं सावरला नाही. चेहऱ्याची एक बाजू ओढून शिवलेली, डोळा बारीक झालेला. ज्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते बोकडाकडे जाता जाता थांबले.

"मी असतो तं धरला असता तो," कोलू म्हणाला.

देवानंद म्हणाला, "कोनत्या हातानं गा?"

बुधरीनं चटकन मान वर केली. कोलूनं डावा हात उंच केला. "ह्या. मार पुन्हा. इसरू, ऊठ. दे त्याले."

इसरू एक बूट पायात, एक हातात, तसाच बसून राहिला. मग त्यानं बूट घातला.

देवानंदनं शिट्टी काढून निखिलच्या गळ्यात अडकवली. इसरू कडेला गेला. लोक परत वळले, बोकडाचा लिलाव राहिला तसाच. इसरूनं बॉल मारला, देवानंद धावला, आणि ह्या वेळी त्यानं वर पाहिलं. पाहिलं तिथंच चुकलं. पाय हवेत फिरला, बॉल खांद्यावरून निघून गेला, आणि तो धानाच्या पोत्यासारखा आपटला.

कोलू हसला. त्या वाकड्या तोंडातून हसणं कसं निघेल हे कोणालाच माहीत नव्हतं, बहुतेक त्यालाही नाही. आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग तो मोठा होत गेला. बुधरीनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते दुरून कळत नव्हतं.

दुसरा बॉल बाहेर गेला. तिसरा देवानंदच्या पायावर नीट बसला आणि डाव्या कोपऱ्याकडे निघाला. कोलू झेपावला नाही, झेपावता येणारच नव्हतं. दोन लांब पावलं टाकून तो आधीच तिथं पोचला होता. डाव्या हातानं त्यानं बॉल खाली दाबला, छातीवर घेतला आणि वरून तो उजवा, न मिटणारा हात ठेवला.

टाळ्या सर्वांत आधी खोकननं वाजवल्या.

कोलूचं ऑपरेशन पुढे होळीच्या आधी नागपूरला झालं. दोन बोटं मिटू लागली, बोलणं बरंच सुधारलं. चेहरा पहिल्यासारखा झाला नाही, पण तो मुलचेऱ्याच्या बाजारात तसाच उघड्या चेहऱ्यानं जाऊ लागला. मोहाच्या दिवसांत एकट्यादुकट्यानं न जाता गावानं टोळीनं जायचं ठरवलं आणि त्या टोळीच्या पुढे कोलू असायचा, डबा बडवत.

पण त्या संध्याकाळी हे काही कोणाला माहीत नव्हतं. शरतनगरच्या बायांनी मोठ्या गंजात भात आणि मासोळीचा रस्सा केला होता. जिंकलेले, हरलेले एकाच पंगतीत बसायचे, ही तिथली जुनी रीत. कोलू डाव्या हातानं हळूहळू जेवत होता. खोकन त्याच्या शेजारी बसून मासोळीचे काटे काढून त्याच्या पत्रावळीवर ठेवत होता, आणि दोघं कुठल्याशा जुन्या पेनल्टीवरून हमरीतुमरीवर आले होते.

देवानंद पाय लांब करून बसला होता. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. इसरू पत्रावळ घेऊन आला, इकडेतिकडे पाहिलं आणि जागा नसल्यासारखा त्याच्याच बाजूला टेकला. बराच वेळ खाली मान घालून जेवला.

"देवा," शेवटी तो म्हणाला, भात कालवत. "बॉल बराबर आला होता ना गा?"

देवानंदनं त्याच्याकडे पाहिलं. इसरूनं अजून मान वर केली नव्हती.

"एकदम बराबर," देवानंद म्हणाला. "म्हनून तं राह्यवलं नाई मले."

इसरूनं मान डोलावली, मासोळीचा डोक्याकडचा तुकडा उचलून देवानंदच्या पत्रावळीवर टाकला आणि वाढणाऱ्या बाईला आणखी भात मागितला.